मऊ खडक

शिरोड्याच्या वर, आरवलीच्या सड्यावर,
बाबल परबाच्या खाणीत मी चिरे मोजायचो. चौऱ्याण्णव साल.
वहीत पाच-पाचच्या रेघा, कानावर पेन्सिल,
आणि पत्र्याच्या खोपीत खिळ्याला टांगलेला रेडिओ,
त्याची एरियल म्हणजे सायकलच्या चाकाची तार.

रत्नागिरी यायचं ते घसा बसल्यासारखं.
पणजी मात्र तेरेखोलची खाडी ओलांडून
चपला हातात घेऊन कुणी यावं
तशी यायची, ओली, पण पुरती.

सव्वातीनला एक बँड लागायचा. इंग्रजी.
गाणारा असा, जणू शेजारच्या खोलीत मूल झोपलंय.
बँडचं नाव सांगायच्या वेळी
नेमका इनास ट्रक मागे घ्यायचा,
म्हणून त्यालाच विचारलं. कळंगुटच्या हॉटेलात
सात वर्षं बश्या पुसलेला माणूस, तो म्हणाला,
'सॉफ्ट रॉक रे ह्यां.'
'म्हणजे?'
'म्हणजे मऊ खडक.'
धाकू मेस्त्रीनं कुदळ थांबवली, पायाखाली बघितलं.
'मगे ह्यो कोण?'

जांभ्याचं असंच असतं.
जमिनीत आहे तोवर नखानं ओरखडा उठतो.
वर काढा, थप्पी लावा,
हवा लागत जाते आणि तो घट्ट होत जातो,
कुणाला न सांगता, दर वर्षी थोडा.
ताज्या चिऱ्याला कुणी कच्चा म्हणालं
तर जुनी माणसं एवढंच म्हणतात: रवांदे.

मालकाचा पुतण्या हेमू बेळगावला शिकायचा.
सुट्टीत कॅसेटी आणायचा, ढोल असे की पत्रा थरथरे.
म्हणाला, 'यात धार नाही. पेज आहे नुसती.'
पेज. बरोबर.
आजारी माणूस काय खातो?
आणि धडधाकट माणूस, सकाळी दहाला,
जन्मभर?

मला त्यातले तीन शब्द कळायचे,
होम, स्लोली, आणि तिसरा बहुतेक चुकीचा.
उरलेली जागा रिकामी होती, जो तो आपलं ठेवायचा.
धाकूची बायको त्या वर्षी माहेरी गेली ती गेलीच.
सव्वातीनला तो कुदळ टेकून उभा राहायचा, चार मिनिटं,
समुद्राकडे पाठ करून.
मी मजुरी कापली नाही.
त्या चार मिनिटांची रेघ वहीत कुठं मारायची
मला माहीत नव्हतं.

खाणीत आता पाणी आहे, म्हशी आहेत.
इनास गेला. धाकूचा पत्ता कुणाला नाही.
हेमूचं वेळागरला रिसॉर्ट आहे, सुरूच्या बनात,
जेवणाच्या खोलीत दिवसभर तोच बँड.
'पाहुण्यांना आवडता,' म्हणतो, बिलावरून मान वर न काढता.
मान हलत असते.

धार असलेली ती गाणी कुठं गेली, हेमू?
विचारलं नाही. काही गोष्टी माणसाला
स्वतःच्या दुकानात विचारू नयेत.

माझं घर त्याच खाणीतल्या शेवटच्या चिऱ्यांचं.
गिलावा केला नाही, पैसे नव्हते,
आणि नंतर पैसे होते तेव्हा मन झालं नाही.
काल दुपारी स्वयंपाकघरात रेडिओ लावला होता,
उर्मिला सुके बांगडे भाजत होती,
आणि तो लागला.
तोच आवाज, झोपल्या मुलाला जपणारा.
ते मूल आता चाळिशीचं असेल.

लेक म्हणाली, 'बाबा, किती वेळा तेच?
थांबा, फोनला ऐकवते,
कोण आहेत ते लगेच सांगतो.'
तिनं हात उंच धरला, रेडिओच्या तोंडाशी.

तीस वर्षं ट्रक आडवा होता.
मी भिंतीला पाठ टेकली. थंड, खरखरीत,
आता खिळा मारायचा तर खिळा वाकतो.

'सापडलं!' ती म्हणाली.
म्हटलं, रवांदे.
आधी गाणं संपू दे.